जिनिंगचा सर्व्हर साडेदहाले गपगार होते, थ्रेड वाढवू का?

वावरातला_कोडर (राळेगाव) · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आमी तिघं पोरं मिळून जिनिंगवाल्यांसाठी काटापट्टीचं सॉफ्टवेअर चालवतो, सध्या १४ जिनिंगवर हाय. गाडी आली का भरती वजन, माल खाली झाला का खाली वजन, मंग ग्रेड, भाव, कटती, रक्कम, पावती छापली का शेतकऱ्याले, गाडीवाल्याले अन् अडत्याले असे तीन मेसेज जातात. सर्व्हर आमच्या हाफिसातच हाय, ४ कोर, १६ जीबी, जावा १७, त्याच्यावर वाईल्डफ्लाय नावाचा अॅप्लिकेशन सर्व्हर.

दिवाळीनंतर आवक वाढली तसं हे सुरू झालं. सकाळी ८ ले सगळं झकास चालते, साडेदहाच्या आसपास पावती निघनंच बंद होते. लॉगिनचं पेजही उघडत नाई. सीपीयू पाहाले गेलो तर ४-५ टक्के, मेमरी निम्मी मोकळी, लॉगमंधी एक एरर नाई. रिस्टार्ट मारला का अर्धा पाऊन तास चालते अन् पुन्हा तेच. तिकडं लोकं रात्रीपासून गेटवर बंड्या अन् पिकअप लावून बसेल असतात हो, त्यांचा फोन आला का जीव कासावीस होते.

कोन्तरी सांगतलं का टास्क मॅक्स थ्रेड्स, म्हनजे एकाच वेळी काम करनाऱ्या थ्रेडची मर्यादा, वाढव. आमचं काही सेट केलंच नोतं. ५०० करू का?

पुलगावचा_पोरगा · सोमवार, रात्री ९:३०

मी शिकतोय अजून, पण टॉमकॅट या दुसऱ्या जावा सर्व्हरला डिफॉल्ट २०० असतात ना मॅक्सथ्रेड्स? मग तुमच्याकडे किती आहेत ते आधी पाहा, कमी असतील तर वाढवायला काय हरकत आहे.

लोणारकर · सोमवार, रात्री ९:५१

हरकत अशी की आम्ही हेच केलं होतं. ६४ चे २५६ केले, तर आधी पाऊण तासात बंद पडायचा तो तीन तासांनी बंद पडायला लागला. दुखणं तेच, फक्त जेवायच्या वेळेवर आलं.

जुना_जाणता (पुसद, सध्या नागपूर) · सोमवार, रात्री १०:२०

५०० करू नको बाळा, थांब जरा. तुझ्याच पोस्टमध्ये उत्तर आहे, सीपीयू ४-५ टक्के. काम जास्त झालं असतं तर सीपीयू तापला असता. तो थंड आहे म्हणजे थ्रेड काम करत नाहीयेत, कशाची तरी वाट पाहत उभे आहेत. काट्यावर दहा माणसं उभी आणि वजन एकाचंही होत नाही, तर अकरावा माणूस उभा करून काय होणार? ते दहा कशासाठी थांबलेत ते आधी विचारायचं.

विचारायची पद्धत म्हणजे थ्रेड डम्प, कोणता थ्रेड कुठे उभा आहे त्याची यादी. उद्या सर्व्हर गप झाला की रिस्टार्ट मारायची घाई करू नको, दोन मिनिटं दे. जावासोबत येणारं जेस्टॅक चालव, नाहीतर जेसीएमडीला प्रोसेस आयडी आणि थ्रेड डॉट प्रिंट दे. असे तीन डम्प घे, दहा दहा सेकंदांच्या अंतराने. एका डम्पमध्ये थ्रेड कुठे उभा आहे एवढंच कळतं, तिन्हींत त्याच ओळीवर दिसला म्हणजे अडकला आहे. डिफॉल्ट टास्क आणि पुढे नंबर अशा नावाचे जे थ्रेड दिसतील ते तुझे कामवाले. वाईल्डफ्लाय काहीच सांगितलं नसेल तर कोरच्या १६ पट धरतो, म्हणजे ४ कोरला ६४.

एक फसवी गोष्ट आधीच सांगून ठेवतो. थ्रेडच्या पुढे रनेबल लिहिलेलं दिसलं म्हणून तो पळतोय असं समजू नको. नेटवर्कवरून उत्तर यायची वाट पाहणाराही रनेबलच दिसतो, कारण जावाच्या हिशोबाने तो नेटिव्ह कॉलमध्ये (जावाच्या बाहेरच्या कोडमध्ये) आहे आणि तिथं तो झोपलाय हे जेव्हीएमला, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेला, माहीतच नसतं. वरच्या ओळीत जुन्या जावात सॉकेटरीडझिरो दिसायचं, तुझ्या १७ मध्ये नेट डॉट पोल दिसेल. त्याच्या खाली खाली जात तुमच्या स्वतःच्या क्लासचं नाव येईपर्यंत वाच.

वावरातला_कोडर · मंगळवार, सकाळी ११:०५

काका घेतले. ६४ पैकी ६४, तिन्ही डम्पमंधी सारखेच. सगळे रनेबल, वर नेट डॉट पोल, अन् खाली आमचा मेसेज पाठवायचा क्लास. एकही दुसरीकडं नाई. म्हनजे मेसेजवाल्याच्या सर्व्हरकडून उत्तरच येऊन नाई राहिलं अन् आमचे सगळे तठी टांगलेले हायेत.

पन मंग लॉगिनचं पेज काऊन बंद पडलं? त्याचा अन् मेसेजचा काई संबंध नाई.

संत्राताई (मोर्शी) · मंगळवार, दुपारी १२:४०

आहे ना संबंध. थ्रेड एकाच गोठ्यातले आहेत रे. लॉगिन असो, पावती असो की नुसता लोगो असो, तुझ्या अॅप्लिकेशनचा कोड चालवायला थ्रेड त्या ६४ मधूनच मिळतो.

वाईल्डफ्लायच्या आत वेबचं काम अंडरटो करतो. त्याच्याकडे दोन जातीचे थ्रेड असतात. आयओ थ्रेड, कोरच्या दुप्पट म्हणजे तुझ्याकडे ८. हे गेटवरच्या चिठ्ठीवाल्यासारखे, आलेलं कनेक्शन घेतात, रिक्वेस्ट वाचतात आणि पुढे सोपवतात, स्वतः कधीच थांबून राहत नाहीत, म्हणून ८ जण हजारो कनेक्शन सांभाळतात. दुसरे वर्कर, तुझे ६४. हे काट्यावरचे. एकदा गाडी काट्यावर चढली की उतरेपर्यंत तो काटा तिचाच. तुझ्या ६४ च्या ६४ काट्यांवर गाड्या चढल्या आणि सगळ्यांचे ड्रायव्हर फोनवर कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत बसले. गेटवाला तरी चिठ्ठ्या फाडतोच आहे, म्हणून ब्राउजरला कनेक्शन नाकारलं असं काही दिसत नाही, नुसतं गोल गोल फिरतं. लॉगमध्ये एरर नाही तो याचमुळे, कारण कोणाचंच काही चुकलेलं नाही, सगळे थांबलेत एवढंच.

आता कोड उघड आणि बघ टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा) दिलाय का. जावाच्या जुन्या एचटीटीपी यूआरएल कनेक्शनला काही दिलं नाही तर कनेक्ट आणि रीड दोन्ही टाइमआउट शून्य धरले जातात, आणि तिथं शून्य म्हणजे कायमचं. समोरचा गप बसला तर तुझा थ्रेड रिस्टार्ट होईपर्यंत त्याचाच. ६४ जायला फार गर्दी लागत नाही मग, ६४ वाईट मेसेज पुरतात.

आज संध्याकाळी एवढंच कर, कनेक्टला ३ सेकंद, रीडला ५ सेकंद. बाकी उद्या बोलू.

वावरातला_कोडर · मंगळवार, रात्री ८:१५

टाइमआउट नोताच दिलेला. आता टाकला. ताई, काका, खूप आभार.

वावरातला_कोडर · बुधवार, दुपारी ४:५०

आज सकाळी बंद नाई पडला. पन मेसेजवाला हळू झाला का तीन मेसेजचे मिळून पावती निघाले १५ सेकंद लागे, काट्यावरचा माणूस चिडे. म्हनून मी दुपारी मेसेजचं काम मागं पाठवलं. मेसेज पाठवायच्या मेथडमंधी एक्झिक्युटर्स डॉट न्यू फिक्स्ड थ्रेड पूल १० (म्हनजे १० थ्रेडचा वेगळा गट) असं केलं अन् सबमिट मारलं. पावती टकाटक निघाले लागली. चार वाजता सर्व्हर पडला, यावेळेस लॉगमंधी आउट ऑफ मेमरी एरर, अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड. पन रॅम तर ७ जीबी मोकळी हाय. हे काय होऊन राहिलं?

पुलगावचा_पोरगा · बुधवार, संध्याकाळी ५:१०

हा पूल मेथडच्या आत बनवलाय का तुम्ही? म्हणजे प्रत्येक वेळी नवीन?

वावरातला_कोडर · बुधवार, संध्याकाळी ५:१४

हो. आतच.

संत्राताई · बुधवार, संध्याकाळी ५:५८

मग सापडलं. पोरानं बरोबर पकडलं.

पूल बनवला म्हणजे लगेच १० थ्रेड उभे राहतात असं नाही, काम येईल तसा एकेक उभा होतो. तू दर मेसेजला नवीन पूल बनवला आणि त्यात एकच काम टाकलं, म्हणजे दर मेसेजला एक थ्रेड. काम झालं तरी तो मरत नाही, फिक्स्ड पूलचे थ्रेड शटडाउन म्हणेपर्यंत पुढच्या कामाची वाट पाहत बसतात. मेथड संपली, पूलचा व्हेरिएबल गेला, तरी आतला जिवंत थ्रेड पूलला धरून असतो त्यामुळे गार्बेज कलेक्टर (बिनकामाची मेमरी मोकळी करणारा) हात लावत नाही. १५०० पावत्या आणि प्रत्येकी तीन मेसेज धरले तर ४५०० थ्रेड, सगळे बिनकामाचे.

रॅम मोकळी असूनही आउट ऑफ मेमरी याचं कारण हे की ही एरर हीपची, म्हणजे जावाच्या डेटाच्या मेमरीची, नाहीच. ऑपरेटिंग सिस्टिमने नवीन थ्रेड द्यायला नकार दिला. लिनक्सवर प्रति युजर मर्यादा असते, सर्व्हिस सिस्टिमडीने चालवत असशील तर टास्क्समॅक्सची पण असते. त्या मर्यादा वाढवायच्या मागे लागू नको, गळती तुझ्या कोडमध्ये आहे.

पूल हा एकदाच बनतो, अॅप्लिकेशन सुरू होताना. आणि अॅप्लिकेशन सर्व्हरवर तर आपण बनवायचाच नाही. काका, तुम्ही सांगा हे, तुम्ही वेबलॉजिक या जुन्या सर्व्हरच्या काळातले.

जुना_जाणता · बुधवार, रात्री १०:४५

सांगतो, जरा लांबेल.

२००४ साली जावा ५ आला त्यात जावा डॉट युटिल डॉट कॉन्करंट हे पॅकेज आलं. डग ली हे त्या कामाचे प्रमुख, जेएसआर १६६ (जेएसआर म्हणजे जावात भर घालायचा औपचारिक प्रस्ताव). त्याआधी आम्ही न्यू थ्रेड लिहायचो आणि स्टार्ट म्हणायचो, मग कोण कुठे पळतोय त्याचा पत्ता नसायचा. एक्झिक्युटरने काम आणि कामकरी वेगळे केले. तू फक्त काम सांग, कोणी करायचं, कधी करायचं, किती जणांनी करायचं हे पूल ठरवेल.

आता त्या पूलचा एक नियम आहे जो बहुतेक लोक उलटा समजतात, मी स्वतः पाहिलंय की दहा वर्षं जावा लिहिणाऱ्यांनाही तो विचारला तर चुकतात. थ्रेडपूलएक्झिक्युटरला तीन आकडे लागतात, कोअर (कायमचे थ्रेड, सीपीयूचे कोर नव्हे), मॅक्झिमम (जास्तीत जास्त थ्रेड) आणि रांगेची लांबी. समज जिनिंगवर कायमचे हमाल ४, गर्दीत गावातून बोलावून १० पर्यंत नेता येतात, आणि आवारात ५० गाड्या मावतात. पाचवी गाडी आली की आपण काय म्हणू, बोलवा अजून एक हमाल. पूल तसं करत नाही. पहिल्या चार गाड्यांना चार हमाल लावतो. पाचवी गाडी आवारात उभी करतो. सहावी पण. पन्नास गाड्यांनी आवार भरेपर्यंत चारच हमाल राबतात. आवार पूर्ण भरलं, आता आत जागा नाही, तेव्हाच तो पाचवा हमाल बोलावतो, आणि तो आवारातली जुनी गाडी नाही, नुकतीच आलेली गाडी घेतो. असं करत दहा झाले आणि आवारही भरलेलं असलं की मग पुढच्या गाडीला परत पाठवतो.

याचा अर्थ काय निघतो बघ. आवाराला कुंपणच नसेल, म्हणजे रांग अमर्याद असेल, तर ते कधीच भरणार नाही आणि मॅक्झिमम १० लिहिलं काय, १००० लिहिलं काय, हमाल चारच राहणार. न्यू फिक्स्ड थ्रेड पूलच्या आत अशीच लिंक्ड ब्लॉकिंग क्यू आहे, तिची मर्यादा २१४ कोटींच्या वर, म्हणजे आपल्या दृष्टीने नाहीच. समोरचा हळू झाला की कामं साचत जातात, पूल तक्रार करत नाही, एक दिवस हीप भरतो. न्यू कॅश्ड थ्रेड पूल उलट टोकाचा, त्याला आवारच नाही, थेट हातात द्यायची पद्धत, हमाल मोकळा नसेल तर नवीन बोलवा, वरची मर्यादा नाही, ६० सेकंद रिकामा बसला तर घरी. गर्दी झाली की तुला आज जी एरर आली तीच.

टॉमकॅटने हा क्रम मुद्दाम बदलला आहे. त्याची स्वतःची टास्क क्यू आहे, ती थ्रेड मॅक्झिममपर्यंत पोचेपर्यंत रांगेत घ्यायला नकार देते, त्यामुळे आधी थ्रेड वाढतात आणि मग रांग लागते. वेबच्या रिक्वेस्टला तेच योग्य आहे, समोर माणूस ताटकळत असतो. म्हणून पूल म्हटलं की एकच वागणूक धरून चालू नका, कोणाचा पूल ते पाहा.

आता सर्व्हरच्या आत आपला पूल का नको. कंटेनर, म्हणजे हा अॅप्लिकेशन सर्व्हर, तुझ्या थ्रेडसोबत बऱ्याच गोष्टी बांधून देतो, कोणतं अॅप्लिकेशन, कोणता क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा), जेएनडीआयची नावं कुठे शोधायची, लॉगिन झालेला माणूस कोण. तू स्वतः जन्माला घातलेल्या थ्रेडची कंटेनरला खबरच नसते, मग लुकअप कधी चालतं कधी चालत नाही, आणि वॉर फाईल (अॅप्लिकेशनचं पॅकेज) काढून नवीन टाकली तरी जुना थ्रेड जुन्या क्लासलोडरला धरून बसतो. ईजेबी म्हणजे सर्व्हरवर चालणारे बीन नावाचे घटक, त्यांच्या नियमात तर बीनने थ्रेड सांभाळू नये असं पहिल्यापासून लिहिलंय. आमच्या वेळी बीईए आणि आयबीएम यांनी मिळून कॉमनजे म्हणून वर्क मॅनेजर काढला होता, त्यावर आम्ही काम केलं. पुढे २०१३ मध्ये जावा ईई ७ सोबत जेएसआर २३६ आला आणि सगळ्यांसाठी मॅनेज्ड एक्झिक्युटर सर्व्हिस झाली. तुझ्या वाईल्डफ्लायमध्ये ती तयारच आहे, रिसोर्स म्हणून इंजेक्ट करून घ्यायची, सबमिट, एक्झिक्युट सगळं तसंच. फक्त तुला शटडाउन करता येत नाही, प्रयत्न केला तर एक्सेप्शन फेकते, कारण मालक कंटेनर आहे.

आणि एक, ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले एकत्रच कमिट म्हणजे पक्के होणारे बदल) मात्र सोबत जात नाही. पावतीचं ट्रान्झॅक्शन पावतीच्या थ्रेडवर, मागे पाठवलेलं काम त्याच्या बाहेर चालतं. पावती कमिट व्हायच्या आधी मेसेजवाला थ्रेड पावती शोधायला गेला तर त्याला ती दिसणार नाही. यात मी एकदा दोन रात्री घालवल्यात.

लोणारकर · बुधवार, रात्री ११:१०

काका, हमालाचा हिशोब डोक्यात कायमचा बसला. आमच्याकडे मॅक्स ५० लिहून ठेवलंय आणि रांग अमर्याद आहे. म्हणजे ते ५० कधी वापरलेच गेले नाहीत. उद्या पाहतो.

वावरातला_कोडर · गुरुवार, सकाळी ७:२०

काका रातभर वाचलं. मले सांगा आता आकडे काय टाकू? आमच्या रांगेची लांबी काईच नाई दिलेली.

संत्राताई · गुरुवार, सकाळी ९:०५

वाईल्डफ्लायच्या डिफॉल्टमध्ये क्यू लेंग्थ दिलेली नसते, आणि नसली की अमर्याद. म्हणून मेसेजसाठी वेगळी मॅनेज्ड एक्झिक्युटर सर्व्हिस बनव, डिफॉल्टवाली वापरू नको, नाहीतर उद्या पीडीएफचं काम पण त्यातच टाकशील आणि मेसेजवाला हळू झाला की पीडीएफही अडकेल. हळू आणि बेभरवशाच्या कामाला वेगळं आवार, हे कायम.

आकडा काढायला साधा गुणाकार आहे. सेकंदाला किती कामं येतात गुणिले एका कामाला किती सेकंद लागतात, तेवढे थ्रेड एकाच वेळी गुंतलेले असतात. तुझी सकाळची सगळ्यात जास्त गर्दी किती?

वावरातला_कोडर · गुरुवार, सकाळी ९:११

१४ जिनिंग मिळून मिनिटाले २० पावत्या, त्याच्यावर कधीच नाई.

संत्राताई · गुरुवार, सकाळी ९:२६

२० पावत्या म्हणजे ६० मेसेज, सेकंदाला १. एरवी एका मेसेजला दीड दोन सेकंद लागत असतील तर २ थ्रेड गुंततील. समोरचा अगदी मेटाकुटीला आला आणि दर वेळी पूर्ण टाइमआउट लागला तर ३ अधिक ५, साधारण ८ सेकंद, म्हणजे ८ थ्रेड. रीड टाइमआउट हा संपूर्ण कामाचा नसतो, दोन वेळा डेटा येण्यामधला असतो, त्यामुळे थोडं वर जाऊ शकतं. कोअर ८, मॅक्स १२, रांग २००. तू ५०० मागत होतास, तुला ८ पुरतात.

हा हिशोब वाट पाहणाऱ्या कामांचा आहे हे लक्षात ठेव. पीडीएफ बनवणं हे सीपीयूचं काम, त्याला कोर एवढे म्हणजे ४ च द्यायचे, जास्त दिले तर ते एकमेकांना ढकलत बसतात.

पुलगावचा_पोरगा · गुरुवार, सकाळी १०:०२

ताई, रांग पण भरली आणि १२ थ्रेड पण गुंतले तर काय? मी कॉलर रन्स पॉलिसी वाचली होती, ती चांगली वाटली, काम हरवत नाही.

संत्राताई · गुरुवार, सकाळी १०:३०

चांगली आहे, पण इथं नाही. कॉलर रन्स म्हणजे ज्यानं काम आणलं त्यानंच ते करायचं. इथं आणणारा कोण, पावतीचा थ्रेड. म्हणजे मेसेजवाला पडला की पावती पुन्हा त्याच्या दारात उभी, सोमवारी होतो तिथंच परत. फाईल वाचून एकेक ओळ पूलमध्ये टाकणाऱ्या कामाला ती योग्य, कारण वाचणारा आपोआप हळू होतो आणि कोणी ताटकळत नसतं. डिस्कार्ड आणि डिस्कार्ड ओल्डेस्ट तर गुपचूप फेकून देतात, शेतकऱ्याच्या पैशाच्या मेसेजला ते मी कधीच लावणार नाही. डिफॉल्ट अबॉर्ट राहू दे, तो रिजेक्टेड एक्झिक्युशन एक्सेप्शन फेकतो. ते पकड आणि ठरव काय करायचं.

वावरातला_कोडर · गुरुवार, संध्याकाळी ६:४०

वेगळा पूल केला, दिवसभर पावती २ सेकंदांच्या आत. पन दोन गोष्टी झाल्या.

एक, काही मेसेज गेलेच नाई अन् लॉगमंधी काईच नाई.

दुसरी, दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टरची बॅटरी जुनी हाय, सर्व्हर धाडकन बंद. चालू केल्यावर मोजलं तर ३७ मेसेज रांगेत होते ते गेलेच. एका म्हाताऱ्या बाबाचा फोन आला, म्हने बाबू माह्या कापसाचा मेसेज नाई आला, पैसे भेटतीन ना? ते ऐकून लय वाईट वाटलं. त्याच्यासाठी तो मेसेजच पुरावा हाय, पोराले पुन्याले दाखवते तो.

जुना_जाणता · गुरुवार, रात्री ९:३०

पहिली गोष्ट सबमिटची. सबमिट केलेल्या कामात एक्सेप्शन आलं तर ते कामाचा निकाल धरून ठेवणाऱ्या फ्युचरच्या आत जाऊन बसतं, कोणी गेट म्हटलं तरच बाहेर येतं. तू फ्युचर पाहिलाच नाहीस म्हणून कोणाला कळलं नाही. कामाच्या आतच ट्राय कॅच लाव आणि लॉग कर, पावती नंबरासकट.

दुसरी गोष्ट मोठी. पूलची रांग मेमरीत असते आणि आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही. जे हरवून चालणार नाही ते मेमरीच्या रांगेत ठेवायचंच नाही. एक टेबल कर, पाठवायचे मेसेज. पावती सेव्ह होते त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तीन ओळी तिथं टाक, स्थिती बाकी. पावती आहे तर मेसेजची नोंद आहेच, दोन्ही एकत्र कमिट. मग मॅनेज्ड शेड्यूल्ड एक्झिक्युटरने दर ५ सेकंदांनी बाकी असलेल्या ओळी उचल, घेतला असं लिही, पूलला दे, गेला की झाला लिही. पूल भरला म्हणून नकार आला तर ओळ पुन्हा बाकी कर, पुढच्या फेरीत जाईल. लाईन गेली तर चालू झाल्यावर घेतला स्थितीत अडकलेल्या ओळी परत बाकीत आण.

मेसेज गेला आणि झाला लिहायच्या आत लाईन गेली तर तो दोनदा जाईल, ते चालेल, पावती नंबर टाक म्हणजे माणसाला कळेल की हा तोच आहे.

शेड्यूल्ड कामात एक खड्डा आहे. एका फेरीत एक्सेप्शन बाहेर निसटलं तर पुढच्या सगळ्या फेऱ्या बंद होतात, आवाज न करता. अख्ख्या कामाला बाहेरून ट्राय कॅच पाहिजेच.

लोणारकर · गुरुवार, रात्री १०:०५

यापेक्षा व्हर्च्युअल थ्रेड का नाही घेत? जावा २१ मध्ये सप्टेंबर २०२३ ला पक्के झाले, लाखभर थ्रेड उभे करा, वाट पाहणं जवळजवळ फुकट. पूलची कटकटच नको.

संत्राताई · गुरुवार, रात्री १०:५०

मला ते फार आवडतात, आमच्या नव्या कामात तेच आहेत. साध्या थ्रेडला ऑपरेटिंग सिस्टिमचा एक थ्रेड आणि साधारण १ एमबी स्टॅकची जागा राखून ठेवावी लागते, व्हर्च्युअल थ्रेड थांबला की आपला स्टॅक हीपमध्ये ठेवून खालचा थ्रेड दुसऱ्याला मोकळा करून देतो. म्हणून त्यांचा पूल करायचा नसतो, काम तिथं एक नवीन थ्रेड.

पण इथला प्रश्न त्यानं सुटत नाही. टाइमआउट नसता तर ६४ ऐवजी हजारो टांगले असते. मेसेजवाल्यावर एकाच वेळी किती जण जायचे ही मर्यादा तरीही लागेलच, पूल नसला तर सेमाफोरने (एका वेळी ठरावीक जणांनाच आत सोडणारा) लावायची. आणि लाईन गेली तर व्हर्च्युअल थ्रेडही जातो. शिवाय २१ मध्ये सिंक्रोनाइज्डच्या (एका वेळी एकच थ्रेड चालवेल अशा कोडच्या) आत थांबला की खालचा थ्रेड अडकून राहायचा, ते जावा २४ मध्ये सुधारलं. हा जावा १७ वर आहे आणि ऐन हंगाम आहे, आत्ता जावा बदलू नये. उन्हाळ्यात बघावं.

पुलगावचा_पोरगा · शुक्रवार, सकाळी ८:१५

अजून एक विचारू का, मी काम मागे चालवायला कम्प्लीटेबल फ्युचर वापरतो, त्यात एक्झिक्युटर देतच नाही, तरी चालतं. ते कुठे चालतं मग?

संत्राताई · शुक्रवार, सकाळी ८:४०

फोर्क जॉइनच्या कॉमन पूलवर. तो अख्ख्या जेव्हीएमचा एकच, कोर वजा एक, म्हणजे ४ कोरवर ३ थ्रेड, आणि पॅरलल स्ट्रीमही तोच वापरतात. त्यात नेटवर्कची वाट पाहणारं काम टाकलं की तिघं जण अडकतात आणि सगळ्यांचंच थांबतं. वर कंटेनरचं काहीच त्याच्याकडे नसतं. सप्लाय असिंकला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून मॅनेज्ड एक्झिक्युटर दे.

लोणारकर · शुक्रवार, सकाळी ११:३०

पूलवरून आठवलं म्हणून सांगतो, कोणाला उपयोग होईल. आमच्याकडे मागच्या हंगामात एका केंद्राच्या पावतीवर दुसऱ्याच केंद्राचं नाव छापून आलं. महिन्यातून दोनदा तीनदा व्हायचं, टेस्टिंगला कधीच नाही. आम्ही केंद्राचं नाव थ्रेडलोकलमध्ये (प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा खिसा) ठेवत होतो आणि काम झाल्यावर काढत नव्हतो. पूलमधला थ्रेड पुढच्या रिक्वेस्टला तोच येतो, आधीच्या माणसाचं नाव खिशात घेऊन. ज्या रिक्वेस्टमध्ये नाव सेट व्हायचं राहिलं तिथं जुनं छापलं जायचं. फायनलीमध्ये रिमूव्ह टाकलं तेव्हा थांबलं. घरी एकट्यानं टेस्ट करताना सगळ्या रिक्वेस्ट एकाच केंद्राच्या असतात, म्हणून कधी दिसलं नाही.

वावरातला_कोडर · रविवार, रात्री ९:४०

मंडळी, टेबलवाली पद्धत शनिवारपासून चालू हाय. काल दोन वेळा लाईन गेली, दोन्ही वेळेस चालू झाल्यावर बाकी मेसेज आपोआप गेले, सहा लोकांले दोनदा गेला, कोनाची तक्रार नाई. आज सकाळी मेसेजवाला २० मिनिटं पूर्न बंद होता अन् एकाही जिनिंगवर कोनाले समजलं नाई, पावत्या निघत राहिल्या. त्या बाबाले मी सोता फोन केला अन् त्यायचा मेसेज पुन्हा पाठवला.

वर्करचे ६४ चे ६४ च ठेवले.

एकच शंका राहिली. नवीन वॉर टाकतो तेव्हा जुने थ्रेड मागं राहत नाईत हे पाहाचं कसं?

संत्राताई · रविवार, रात्री १०:०५

आधी दोन तीन पावत्या काढून जेसीएमडीने थ्रेड मोज. मग तीच वॉर दोनदा काढून टाक, दर वेळी दोन तीन पावत्या काढ आणि परत मोज. दर डिप्लॉयला आकडा चढत गेला तर कुठेतरी न्यू फिक्स्ड थ्रेड पूल किंवा न्यू टायमर उरलाय, डम्पमध्ये पूल, मग नंबर, थ्रेड, मग नंबर किंवा टायमर, मग नंबर अशी नावं दिसतील, ती आपली बेवारस.

वावरातला_कोडर · रविवार, रात्री १०:५२

अदुगर ११८. दोनदा टाकल्यावर १३१. टायमरच होता ताई, भावाच्या पेजवर दर मिनिटाले भाव ताजे कराले मी दोन वर्साअदुगर टाकेल होता. अन् एक पूल पीडीएफमंधी. दोनी काढून राहिलो.

वावरातला_कोडर · रविवार, रात्री ११:३८

११८. पुन्हा टाकलं, ११८.